कापगतेजी आणि कंपनीची कॅम्पर

आमच्या ऑफिसात कोणी नुसतं ‘गाडी’ म्हटलं तरी माझं कपाळ दुखायला लागतं. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात आमच्या कंपनीचं ऑफिस आणि गोदाम आहे. शेतीचे पंप विकायचे, बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करून द्यायचे, हा धंदा. मी तिथे ॲडमिनला. म्हणजे पगार, रजा, रुसवेफुगवे, पाण्याचे कॅन आणि गाड्या, असं जे जे दुसऱ्या कोणाला नको असतं ते माझ्या टेबलावर येतं. पगार एकदाचा होऊन जातो, रुसवे चहावर मिटतात, गाडीचं प्रकरण मात्र कधीच मिटत नाही. टायर गेला, डिझेल जास्त लागलं, अमक्याने गाडी घरी नेली, तमक्याने साळ्याला बसवून लग्नाला नेलं. हे ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. आणि यातलं कुठलंही गाऱ्हाणं कानावर आलं की मला कापगतेजी आठवतात.

कापगतेजी आमचे सर्व्हिस सुपरवायझर. अर्जुनी मोरगावच्याही पलीकडच्या एका खेड्यातले. उंच, खांद्यात जरा वाकलेले, हाताचे पंजे चांगले रुंद. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि गळ्यात बारा महिने गमछा. खुर्चीत बसायचे ते अगदी टोकावर, जणू कोणी हाक मारली तर उठायला उशीर नको. घरून वडिलांचा फोन आला की मात्र उभे राहायचे. समोर शेठजी बसलेले असोत नाहीतर गिऱ्हाईक, फोन वडिलांचा असला की कापगतेजी उभे. शेठजींच्या फोनला ते बसून बोलत, हे शेठजींच्याही लक्षात आलं होतं.

आणखी एक खोड होती. कोणाच्या घरून अनारसे, करंज्या असं काही आलं की डबा आम्ही कापगतेजींच्या हातात द्यायचो. ते गोदामातल्या हमालापासून सुरुवात करत, मग मेकॅनिक, मग आम्ही टेबलवाले, आणि सगळ्यात शेवटी शेठजींच्या केबिनमध्ये. परत येत तेव्हा डबा बहुतेक रिकामा असायचा. “कापगतेजी, तुमचं?” असं विचारलं की “झालं जी माझं” म्हणायचे. काय झालं ते कोणालाच दिसलेलं नसायचं. आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवायचो, पण चिडणाऱ्या माणसाला चिडवण्यात मजा असते, त्यांच्याबाबतीत ती सोयच नव्हती.

तेव्हा ते कुडव्यातच खोली करून राहत. बायको आणि दोन मुली बरोबर. कंपनीने त्यांना एक कॅम्पर दिली होती. पुढे माणसांसाठी दोन ओळींची सीट आणि मागे सामानाचा उघडा हौदा, अशी ती पांढरी गाडी. दिवसा तिने फिरायचं, संध्याकाळी ती गोदामासमोर लावायची. सगळं सुरळीत होतं. मग त्यांच्या वडिलांना लकवा मारला.

महिनाभराने ते माझ्यासमोर येऊन बसले. हातात शिंगाड्यांची पिशवी. गावाहून येताना रिकाम्या हाताने कधी यायचे नाहीत.

“मॅडमजी, गाडी घरी नेऊ द्या लागते.”

“घरी म्हणजे? खोलीवर?”

“गावले.”

“कापगतेजी, तुमचं गाव ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. रोज?”

“रोज जी. नाही जमत त सांगा, नोकरी सोडतो. धमकी नाही देऊन राहिलो, सांगून राहिलो.”

मी म्हटलं, वडिलांना इकडे आणा, गोंदियात डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी मान हलवली. “आनून पाह्यलं जी. बुढा भिंतीकडं तोंड करून पडला. जेवलाच नाही. त्याले डोळ्यासमोर तलाव दिसा लागते.”

कापगते म्हणजे कोहळी समाजाचे. आमच्या भागातले जुने तलाव ज्यांनी खणले आणि बांधले, त्यांच्यातले. त्यांच्या घराकडे गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम बापजाद्यांपासून चालत आलेलं. वडील अंथरुणाला खिळले तरी गाव अजून त्यांच्याच शब्दावर पाणी घेतं, इतकंच तेव्हा मला कळलं. बायको-मुलींना त्यांनी आधीच गावी पोचवलं होतं. ज्या माणसाने सामान हलवून झाल्यावर परवानगी मागायला यावं, त्याच्याशी वाद काय घालायचा?

शेठजींना पटवायचं काम माझ्याकडे आलं. शेठजी गोंदियाचे, हिंदीतले, हिशेबाला पक्के आणि मनाने वाईट नाहीत. मी सांगितलं की आपल्या निम्म्या तक्रारी नवेगाव-अर्जुनीकडच्याच असतात. हा माणूस जाता-येता त्या करत गेला तर वेगळी फेरी वाचेल.

“घर है कितना दूर?” शेठजींनी कापगतेजींना विचारलं.

“दूर नाही जी. अर्जुनीच्या थोडं पुढं.”

“थोडा मतलब?”

“थोडंच जी.”

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मी फायलीकडे पाहिलं. “ठीक है,” ते म्हणाले, “घर तक ले जाओ. लेकिन गाडी घर और काम, बस. तीसरा कुछ नहीं.”

असा तो प्रवास सुरू झाला. गोरेगाव, मग कोहमाऱ्याला मोठा हायवे ओलांडायचा, मग जंगल, नवेगावबांध, अर्जुनी आणि ते ‘थोडं पुढं’. पहाटे अंधारात निघायचं, दिवसभर लोकांच्या विहिरींवर वाकायचं आणि तोच रस्ता उलटा. मी एकदा विचारलं, इतकं अंतर एकट्याने चालवताना झोप नाही का येत? तर म्हणाले, “गोरेगावपर्यंत मानूस जागा राहते. कोहमाऱ्यापर्यंत गाडी त्याले जागं ठेवते. पुढं जंगलात देव.” पण देवावर सगळा भार टाकणाऱ्यातले ते नव्हते. कोहमाऱ्याच्या एका हॉटेलच्या नळावर थांबून गमछा ओला करायचे, पिळून मानेवर टाकायचे आणि मग जंगलात शिरायचे. सकाळी ऑफिसात यायचे तेव्हा शर्टाच्या कॉलरला ओल असायची. त्यावरून आज झोप किती झाली ते मला कळायचं.

काही महिन्यांत त्यांचे डोळे आत गेले. दुपारी डबा खाल्ल्यावर भिंतीला टेकून ते उघड्या डोळ्यांनी झोपत. मी विचारायची, “थकलात का कापगतेजी?” उत्तर ठरलेलं. “थकून राहिलो जी. थकलो नाही आजून.” हे इतक्यांदा झालं की ऑफिसात कोणीही कोणालाही हेच उत्तर द्यायला लागलं. पगार झाला का, तर होऊन राहिला जी, झाला नाही आजून.

पुढे शेठजींनी सगळ्या गाड्यांना ते यंत्र बसवलं, ज्यात गाडी कुठे आहे ते ऑफिसात बसून दिसतं. शेठजी दिवसभर त्या पडद्यासमोर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला हाक आली.

“मॅडम, ये देखो. ये गाडी है कि एस्टी? जहाँ देखो वहाँ खडी है.”

कापगतेजींना बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना ते येतच नव्हतं.

“मानसं उभी राहतात जी रस्त्यावर.”

“तो?”

“त घेतो.”

“क्यों लेते हो?”

“गाडी रिकामी असते जी. रिकामी गाडी उभ्या मानसाजवळून न्यावी कशी? पाट भरून वाहून राहिला अन् बाजूची बांधी कोरडी, असं असते का?”

बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. शेठजींना धान पोत्यातलं माहीत, बांधीतलं नाही. त्यांनी अपघात, विमा, पोलीस असं सगळं समजावून सांगितलं, आणि ते चूक बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, “बाहर का कोई नहीं बैठेगा. बैठेगा तो सिर्फ ग्राहक बैठेगा, बात खतम.”

कापगतेजींनी क्षणभर विचार केला. “ग्राहक चालते का जी?”

“ग्राहक चलेगा.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस ग्राहक व्हायला लागला. गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि विचारायचं, “काय व आजी, पंप घेतेस का?” आजी म्हणायची, “घेतो ना बापा, पैसे आले का घेतो.” की दार उघडायचं. बरं, माणूस इतका सरळ की या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर मला आणून द्यायचे, चौकशी करणारे ग्राहक म्हणून. कंपनीच्या नियमाप्रमाणे मला त्यांना फोन करावे लागत. एकदा मी असाच एक फोन लावला. म्हटलं, आपण पंपाबद्दल विचारलं होतं. पलीकडून एक म्हातारी म्हणाली, “पंप? मी त दवाखान्यात गेली होती बाई. पाय सुजला होता. तुमचा मानूस लय चांगला हाय. जेवली का तू?” मी म्हटलं, जेवले. गंमत म्हणजे त्या म्हाताऱ्यांपैकी एकीच्या जावयाने पुढे खरंच पंप घेतला. शेठजी काही दिवस गप्प बसले.

मी स्वतः त्या गाडीतून एकदाच त्यांच्या गावापर्यंत गेले. अर्जुनीच्या दुकानदाराकडचा माल मोजायचा होता. दिवाळीच्या आधीचे दिवस, धान निसवायला आलेलं, म्हणजे कणसं बाहेर पडायची वेळ. या दिवसांत पाणी मिळालं तर धान, नाहीतर तणस, म्हणजे नुसता पेंढा. कापगतेजी म्हणाले, संध्याकाळी माझ्याबरोबर चला, रात्री घरीच राहा, सकाळी माल मोजा.

गोरेगावात बाजाराचा दिवस होता. तिथूनच गाडी भरायला लागली. माणसं बसवायची त्यांची रीत पक्की होती. आजारी आणि म्हातारे पुढे, लेकरंवाल्या बाया मागच्या सीटवर, ओझं असलेले हौद्यात, आणि धडधाकट तरुणांनी हौद्यात उभं राहायचं. कोणी पुढे घुसायला गेला की नुसतं “ए गा” म्हणत. तो मुकाट्याने मागे जायचा. मी कंपनीची ॲडमिन, पण एका म्हातारीसाठी मलाही सरकवलं गेलं आणि अर्जुनी येईपर्यंत तिची कोंबडीची टोपली माझ्या मांडीवर होती.

घरी पोचलो तेव्हा अंधारून येत होतं. अंगणात खाट होती, आणि खाटेचं तोंड तलावाकडे केलेलं. त्यावर त्यांचे वडील. एक अंग गेलेलं, तोंड जरा वाकडं, डोळे मात्र आमच्या गाडीवर लागलेले. कापगतेजी घरात शिरलेच नाहीत. चपला काढल्या आणि तसेच अनवाणी तलावाच्या बांधावर गेले. त्याला तिकडे पार म्हणतात. पारीवरून अगदी टोकापर्यंत त्यांची पांढरी आकृती जाताना दिसत होती, मग दिसेनाशी झाली, मग परत आली. तोवर म्हाताऱ्याचे डोळे पारीवरच होते.

परत आल्यावर ते खाटेजवळ जमिनीवर बसले. “टोकावरच्या बांधीले पानी पोचलं बाबा. पार कुठंच झिरपून नाही राहिली. आता मधल्या बांध्याइचं.” वडिलांनी धड असलेला हात वर केला. मूठ अर्धी उघडली, मग थोडी मिटली. उद्या पाणी सोडायचं दार किती उघडायचं ते ती मूठ सांगत होती. कापगतेजींनी स्वतःची मूठ तशीच करून दाखवली. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि खरंच झोपला.

जेवताना मी त्यांच्या बायकोला विचारलं, पारीवरचं सगळं तुम्हालाही दिसतं, तुम्ही नाही का सांगू शकत? ती म्हणाली, “सांगून पाह्यलं बाई. पटत नाही त्यायले. पोराच्या तोंडून ऐका लागते. नाहीतर रातभर खाटेवर तोंड उघडं ठेवून वाट पाहतात.” मग तिने मला त्यांची रीत सांगितली. पाणी आधी सगळ्यात टोकाच्या बांधीला द्यायचं, तिथून मागे मागे येत जायचं, आणि वाटणाऱ्याने स्वतःचं पाणी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कधी आधी घेतलं नाही, असं ती म्हणाली. त्यात कौतुक होतं तसा थकवाही होता.

सकाळी निघताना त्यांची स्वतःची बांधी पाहिली. घराला लागूनच होती, तलावाच्या अगदी तोंडाशी. धानाची पानं पिवळी पडून गुंडाळत होती.

“कापगतेजी, ही तर वाळते आहे.”

“हो जी. वाटनाऱ्याची बांधी शेवटी.”

“आणि तोवर पाणी संपलं तर?”

“संपते कधी कधी,” असं म्हणून ते गाडीची काच पुसायला लागले.

ऑफिसातल्या अनारशांच्या रिकाम्या डब्याची गोष्ट मला त्या सकाळी समजली.

गाडीचा घोळ झाला तो पुढच्या उन्हाळ्यात. नवेगावकडच्या एका शेतकऱ्याची मोटर जळली होती. त्याचं उन्हाळी धान ऐन भरात, जमिनीला भेगा पडायला लागलेल्या. नवी मोटर, पाईप, केबल असा हौदा भरून कापगतेजी दुपारी निघाले. संध्याकाळच्या आत मोटर बसवतो असा शब्द त्यांनी त्या शेतकऱ्याला फोनवर दिला होता.

कोहमाऱ्याच्या पुढे जंगलाच्या कडेला विड्यांसाठी तेंदूपाला तोडणाऱ्या बाया बसल्या होत्या. पहाटे जंगलात गेलेल्या. त्यांना न्यायला येणारा टेम्पो आलाच नव्हता. रस्त्याला सावली नाही, पाणी संपलेलं, एकीला ऊन लागून ती ओकत होती. कापगतेजींनी गाडी थांबवली. पण बसवणार कुठे? हौदा मोटरने आणि पाईपांनी भरलेला. मग त्यांनी ते केलं जे फक्त त्यांनाच सुचावं. गाडी उलटी फिरवून कोहमाऱ्याच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलवर नेली, मोटर आणि पाईप तिथे उतरवले, हॉटेलवाल्याला म्हटलं, “एवढं पाह्यजो गा, आता येतो,” आणि परत जाऊन सगळ्या बाया भरल्या. आजारी बाईला आधी दवाखान्यात, मग बाकीच्यांना आडवाटेने त्यांच्या गावात. या सगळ्यात सूर्य मावळला. हॉटेलवर आले तर हॉटेल बंद. हॉटेलवाल्याने मोटर चोरीला जाऊ नये म्हणून काळजीने आत ठेवली होती, कुलूप लावलं होतं, आणि भाचीच्या लग्नाला निघून गेला होता. लग्नाच्या वाजंत्रीत फोन कोण उचलतो?

मोटर बसली दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. तोवर त्या शेतकऱ्याने शेठजींना फोनवर जे नाही ते ऐकवलं होतं. त्याचंही काय चुकलं? त्याचं धान तो एक दिवस आणखी उन्हात उभं राहिलं होतं.

केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. शेठजी ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कापगते, तुमने जबान दी थी उसको.”

“हो जी. चूक माझी. त्याच्या वाट्याचं मी दुसऱ्याले देल्लं. पानी वाटनारा असं करत नाही.”

“फिर क्यों किया?”

“त्या बाया उभ्या होत्या जी,” एवढंच म्हणाले.

शेठजींनी चष्मा काढून डोळे चोळले. “आदमी तुम अच्छे हो. लेकिन गाडी मेरी है, और काम भी मेरा है. कल से गाडी शाम को यहीं लगेगी.”

त्या संध्याकाळी कापगतेजींनी कॅम्पर धुतली. हौद्यातून तेंदूची वाळकी पानं निघाली, कोंबडीची पिसं निघाली, कोणाची तरी फुटकी बांगडी निघाली. किल्ली पुसून माझ्या टेबलावर ठेवली आणि बस स्टँडकडे चालत गेले. मला इतका राग आला होता, आणि तो नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

मी जमेल ते करून पाहिलं. अर्जुनीला एक छोटं सर्व्हिस सेंटर काढू म्हटलं, तर शेठजी म्हणाले, एक आदमी के लिये दुकान खोलूं क्या? मग मोटरसायकलचा विषय निघाला, पण दिवसभर राबून जंगलातून इतकं अंतर दुचाकीवर, हे मलाच नको वाटलं. शेवटी संध्याकाळी एक तास आधी सोडायचं शेठजींनी कबूल केलं. कापगतेजी एस्टीने यायला लागले, कधी चांदाफोर्टच्या पॅसेंजर रेल्वेने. पॅसेंजरला उशीर झाला तर अर्जुनीहून पुढची एस्टी चुकायची, एस्टी मिळाली तर कोहमाऱ्याला पुढची नसायची. कित्येकदा कुडव्यातल्या जुन्या खोलीच्या शेजाऱ्याकडे मुक्काम करावा लागे. अशा दिवशी संध्याकाळी ते गोदामाच्या मागे उभे राहून वडिलांशी फोनवर बोलत. बोलत कसले, वडिलांना नीट बोलता येत नव्हतं. फोन कानाला लावून ते नुसते उभे असायचे. मग हळूच म्हणायचे, “उद्या येतो बाबा. उद्या पारीवर जातो.”

पाऊस संपला, धान निसवायचे दिवस पुन्हा आले. एका सकाळी ते शिंगाड्यांची पिशवी घेऊन माझ्यासमोर आले आणि खुर्चीत बसले. पाठ टेकून बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीच्या पाठीला त्यांची पाठ मी पहिल्यांदा लागलेली पाहिली.

“नोकरी सोडून राहिलो मॅडमजी.”

मी सवयीने विचारून गेले, “थकलात?”

“हो जी,” ते म्हणाले. “थकलो.”

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, उकडून खा जी, कच्चे बाधतात. जाताना गोदामातल्या हमालापासून सगळ्यांना भेटले, सगळ्यात शेवटी शेठजींना. शेठजी दारापर्यंत सोडायला आले होते. ते कोणासाठी येत नाहीत.

त्यानंतर एकदाच ते दिसले. वर्ष झालं असेल. अर्जुनीच्या त्याच दुकानदाराकडे मी त्याच कॅम्परमधून निघाले होते. चालवायला नवे सुपरवायझर, चंद्रपूरकडचे, नियमाने वागणारे शांत गृहस्थ. दिवस कलला होता. कोहमाऱ्याच्या फाट्यावर गर्दी दिसली. एस्टी बिघडली होती म्हणे, लोक दुपारपासून उभे. त्यात सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच, खांद्यात वाकलेला माणूस. गळ्यात गमछा, हातात औषधांची पिशवी.

“थांबवा,” मी म्हटलं.

“मॅडम, बाहेरचे लोक...”

“थांबवा हो.”

कापगतेजींनी गाडी ओळखली, मला ओळखलं, हसले. नवल असं काही वाटलेलं दिसलं नाही. पिशवी काखेत मारली आणि स्वतःच दार उघडलं. आधी काठीवाल्या एका म्हाताऱ्याला पुढे बसवलं. मग तापलेलं लेकरू घेतलेली बाई, माझ्या शेजारी. मग तिची सासू. ओझीवाले हौद्यात. एक तरुण पुढे घुसायला गेला तर “ए गा.” तो मागे झाला. मी सरकून सरकून दाराला चिकटले, आणि हौद्यात पाय ठेवायला एक जागा उरली. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक लंगडा माणूस पिशवी सावरत धावत आला. कापगतेजींनी त्याला काखेत हात घालून वर चढवलं.

“आणि तुम्ही?”

“जागा कोठी हाय जी?”

“बाबा कसे आहेत?”

“हाय जी. वाट पाहून राहिला. पान्याचे दिवस हायेत ना.”

“मग बसा ना कापगतेजी! मी उतरते, मला उद्या गेलं तरी चालेल.”

मी दाराला हात घातला तर त्यांनी बाहेरून ते आपल्या रुंद पंजाने दाबून धरलं. “लेकरू तापलं हाय मॅडमजी, उशीर नका करू. येते काही ना काही मागून.” मग गाडीच्या अंगावर दोनदा थाप मारली, जशी कंडक्टर मारतो, आणि मागे सरकले.

गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर नव्या सुपरवायझरनी आरशात हौद्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, शेठजींना काय सांगायचं? हे सगळे कोण म्हणून?”

“ग्राहक,” मी म्हटलं. मग शेजारच्या बाईच्या सासूकडे वळून विचारलं, “काय आजी, पंप घेता का?”

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मला हसू यायच्या ऐवजी रडू आलं, म्हणून मी मान वळवून मागे पाहिलं. कापगतेजी हॉटेलच्या नळावर वाकले होते. त्यांनी गमछा ओला केला, पिळला, मानेवर टाकला आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले, गोंदियाकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून, एक हात अर्धा वर. त्यांच्यामागे फाट्यावर आता दुसरं कोणीच उरलं नव्हतं.